मूठ वर, मूठ खाली

मित्रांनो, मी एक जुना चेंजओव्हर स्विच आहे. नाव अवघड वाटले तर विसरा, पण काम लक्षात ठेवा. हातभर उंचीची लोखंडी पेटी, तिच्यावर राखाडी रंग आणि कुशीला एक काळी मूठ, असे माझे रूप. मूठ वर केली की घराला बाहेरची वीज मिळते, म्हणजे रस्त्यावरच्या खांबावरून येणारी. मूठ खाली केली की घरची वीज मिळते, म्हणजे छपरावरच्या सोलर पॅनेलने दिवसभर गोळा करून बॅटरीत साठवलेली. मूठ मध्ये ठेवली तर कोणतीच नाही. बाहेरची आणि घरची, या दोघींची कधीही गाठ पडू द्यायची नाही, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. ती गाठ शेवटी माझ्याच अंगात पडली. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मी घडलो तो कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. एका टोकाला पत्रा कापत, दुसऱ्या टोकाला पेट्या बांधत. माझ्या पोटात तांब्याची पाती बसवली आणि ती पाती धरायला वर दोन व खाली दोन असे जबडे बसवले. शेवटच्या टेबलावर एक पोक्त बाई असत. त्या प्रत्येक पेटीला कान लावून मूठ वीस वेळा वर-खाली करत. शेजारी नव्याने कामाला लागलेल्या मुलीला त्यांनी माझ्याच अंगावर हात ठेवून सांगितले, "वरचा जबडा सुटल्याशिवाय खालचा धरता कामा नये. दोन्ही एकदम धरले तर ती पेटी सरळ भंगारात टाकायची. दया दाखवायची नाही." मग त्यांनी माझ्यावर हिरवी चिठ्ठी चिकटवली. मी पास झालो होतो.

दुकानाच्या फळीवर काही महिने धूळ खाल्ल्यावर मला एका लाईनमनने विकत घेतले. लाईनमन म्हणजे खांबावर चढून विजेच्या तारा जोडणारा माणूस. तो त्याच्या घरातला धाकटा. राहायचा सबस्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये. पण थोरला भाऊ, वहिनी आणि आई यांचे घर एका गल्लीच्या टोकाला होते आणि मी त्या घरासाठी होतो.

त्या घराच्या मागच्या खोलीत वहिनी अंडी उबवण्याचा धंदा करत. कपाटाएवढी तीन यंत्रे, प्रत्येकात ट्रेच्या रांगा. आतली ऊब साडेसदतीस अंशांवर एकवीस दिवस टिकवायची. एकविसाव्या दिवशी पिल्ले कवच फोडून बाहेर येतात. पण गल्लीतली वीज बेभरवशाची होती. कधी तासभर जायची, तर कधी सकाळी गेलेली संध्याकाळी यायची. मी येण्याच्या आधीच्या महिन्यात अशीच सहा तास गेली होती, तीही विसाव्या दिवशी. दोन दिवस वाट पाहून वहिनींनी न फुटलेली अंडी एकेक करून फोडली. आत पिसे फुटलेली, चोच तयार झालेली, पुरी वाढलेली पिल्ले होती. मेलेली. वहिनी बादली घेऊन मागच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत, असे मी पुढे अनेकदा ऐकले.

म्हणून छपरावर पॅनेल आले, जिन्याखाली बॅटऱ्या आल्या, शेजारी इन्व्हर्टर आला आणि पुढच्या व्हरांड्यात, जाळीच्या दाराजवळ, मी आलो. धाकट्याने मला स्वतःच्या हाताने बसवले. चार स्क्रू पिळून झाल्यावर त्याने सगळ्यांना समोर उभे केले.

"नीट ऐका," तो म्हणाला. "वर, बाहेरची. खाली, आपली. मध्ये, कोणीच नाही. बाहेरची गेली की मूठ खाली ओढायची. विसरायचं नाही."

"आणि बाहेरची परत आलीय हे कसं कळायचं?" आईंनी विचारले.

"मूठ वर करून बघ. हा व्हरांड्यातला दिवा लागला तर आली. नाही लागला तर परत खाली."

"एवढंच?"

"एवढंच. तू हजारदा बघितलंस तरी काही बिघडणार नाही."

ते अगदी खरे होते. मी धडधाकट होतो तोपर्यंत ते खरे होते.

मित्रांनो, पहिली चार वर्षे माझी फार चैनीत गेली. दिवसातून पाच-सहा वेळा माझी मूठ खाली-वर व्हायची. सगळी गल्ली अंधारात असायची आणि आमच्या मागच्या खोलीतून पंख्यांची घरघर यायची. ट्रे बाहेर निघायचे तेव्हा साऱ्या घरात पिल्लांचा चिवचिवाट असायचा. वहिनींचे नाव झाले. लांबलांबून लोक पिल्ले न्यायला येऊ लागले. येणाऱ्या प्रत्येकाला थोरला माझ्याजवळ आणून उभे करी आणि छाती फुगवून मूठ ओढून दाखवी. आईंनी तर मला नावच ठेवले होते, सासरेबुवा. "बसल्या जागेवरून हलायचं नाही, नुसतं गुरगुरायचं आणि घर आपल्यामुळे चाललंय म्हणायचं!" असे म्हणून त्या पदराने माझ्यावरची धूळ पुसत. वीज आली का ते पाहण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले होते. त्यांना मोतीबिंदूमुळे बारीकसारीक दिसत नसे, पण दिवा लागला की नाही एवढे दिसे. मूठ वर, मान वर, दिव्याकडे नजर. दिवा लागला नाही की, "नाही गं, अजून मेलीच आहे," अशी वहिनींना हाक.

मग धंदा वाढला. तीन यंत्रांची पाच झाली. भार माझ्या अंगावरूनच जात होता, पण माझ्याकडे पाहायला कोणाला वेळ राहिला नाही. खालच्या उजव्या जबड्याचा एक स्क्रू रोजच्या ओढाताणीने ढिला झाला. ढिल्या जागी वीज नीट धरली जात नाही. ती तडतडते आणि तापते. मी पूर्वी गुरगुरत होतो, आता चरचरू लागलो. जबडा आधी पिवळा पडला, मग निळसर, मग काळा. पेटीच्या उबेला एक पाल येऊन राहिली होती. एका सकाळी ती आत कोरडी होऊन पडलेली थोरल्याला दिसली. त्याने ती काडीने बाहेर ढकलली आणि झाकण लावून टाकले.

वहिनींना मात्र वास आला. "अहो, त्या पेटीला हात लावून बघा. चटका बसतो," त्या म्हणाल्या.

"रविवारी धाकटा येईल, तो बघेल."

रविवारी धाकटा जेवायला आला, पण जेवता जेवताच त्याला कामाचा फोन आला आणि तो हात धुऊन पळाला. पुढच्या रविवारी कोणालाच आठवण राहिली नाही. वहिनींनी तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा थोरला चिडला. "अगं, लोखंडी वस्तू आहे ती. इतक्यात काही मरत नाही."

एका दुपारी बाहेरची वीज गेली, मूठ खाली ओढली, पण यंत्रे चालू होईनात. माझा जबडा आता पाते धरतच नव्हता. आत अकरा दिवसांची अंडी होती. थोरल्याने झाकण उघडले, आत पाहिले आणि ओठ चावला. नवा स्विच आणायला बाजार गाठावा लागला असता. त्याने अडगळीतून हातभर वायर आणली, दातांनी तिची टोके सोलली आणि इन्व्हर्टरकडून येणारी तार मला वगळून सरळ घराच्या तारेला जोडून टाकली. यंत्रे सुरू झाली. घामाघूम होऊन त्याने वहिनींना हाक मारली.

"झालं बघ. तात्पुरतं आहे. आता फक्त एक लक्षात ठेवायचं. बाहेरची गेली की मूठ मध्ये आणायची आणि मग इन्व्हर्टर लावायचा. बाहेरची आली की आधी इन्व्हर्टर बंद, मग मूठ वर."

"आणि चुकून मूठ वरच राहिली तर?"

"तर आपली वीज उलटी बाहेर जाईल, खांबावर. पण आपण चुकायचं कशाला? दोघंच तर हात लावतो."

आई तेव्हा आत आडव्या झाल्या होत्या. त्यांना हे कोणी सांगितले नाही. दोघांनाही वाटले की दुसऱ्याने सांगितले असेल. घरात असे नेहमी होते.

हे "तात्पुरते" सात महिने टिकले. त्या सात महिन्यांत मी मनातल्या मनात किती ओरडलो असेन! मूठ मध्ये असेपर्यंत भीती नव्हती. पण एक बोटभर सरकून ती वर गेली की घरची वीज माझ्या वरच्या जबड्यातून रस्त्याकडे धावणार होती. बाहेरची वीज जाई, थोरला येई, मूठ मध्ये आणी आणि इन्व्हर्टर लावी. ती परत आली की गल्लीतले दिवे पाहून त्यालाच आधी कळे. आईंनी एक-दोनदा उठून येण्याचा प्रयत्न केला, तर "बस तू, मी बघतो," असे म्हणून त्याने त्यांना बसवले. का, ते सांगितले नाही. आईंना वाटले, आपले वय झाले म्हणून मुलाला आपल्याकडून काम करवून घ्यायला नको वाटते. त्या थोड्या हिरमुसल्या.

आणि मग ते वादळ आले.

ते दुपारी आले आणि दोन तासांत गेले; पण जाताना आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना झाडे पाडून, तारा तोडून गेले. आमच्या घरासमोरच्या खांबावर तारांचा एकच तुकडा लोंबत उरला. त्या तुकड्याला जोडलेली घरे दोनच, एक आमचे आणि दुसरे समोरच्या वेल्डरचे. वेल्डर शटर ओढून परगावी गेला होता. व्हरांड्याच्या जाळीवर पाऊस आत येऊ नये म्हणून थोरल्याने जाड निळे प्लॅस्टिक बांधले होते. त्यामुळे मला रस्ता दिसेना. जे काही होते ते मला फक्त ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. मागच्या खोलीत अंड्यांचा विसावा दिवस सुरू होता. पाचही यंत्रे भरलेली. काही अंड्यांना आतून पहिल्या टोचा पडल्या होत्या. अशा वेळी यंत्राचे दार उघडायचे नसते. आतली ओल गेली की कवच वाळते आणि पिल्लू आतच अडकते. वहिनी काचेला नाक लावून बसल्या होत्या. बॅटरी निम्म्याच्या खाली आली होती आणि पॅनेलवर वादळाने ओल्या पानांचा थर बसवला होता. तो झाडायला थोरला छपरावर चढला. माझी मूठ मध्ये होती. व्हरांड्यात आई एकट्या खुर्चीवर बसल्या होत्या.

प्लॅस्टिकच्या पलीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला. मग धाकट्याचा आवाज. त्याच्याबरोबर त्याच्या कामाच्या गँगमधले सर्वांत जुने लाईनमन होते. त्यांना सगळे मामा म्हणत.

"टेस्टर लावून बघितला. तार थंड आहे, वीज नाही," मामा म्हणाले. "साखळी कुठंय?"

ही साखळी म्हणजे लाईनमनचा जीव. काम सुरू करण्याआधी तारांना ती अडकवून जमिनीशी जोडायची असते. मग कोठून चुकून वीज आलीच, तर ती माणसात न जाता जमिनीत जाते.

"दुसऱ्या गँगच्या गाडीत राहिली. फोन केलाय. येते म्हणाले," धाकटा म्हणाला.

"मग थांबू."

"मामा, थांबा हवं तर. पण या तुकड्यावर दोनच घरं आहेत. वेल्डर गावाला गेलाय आणि दुसरं माझंच घर. तिथं मी स्वतःच्या हातानं चेंजओव्हर बसवलाय. तिथून वाऱ्याएवढीसुद्धा वीज बाहेर यायची नाही."

मित्रांनो, तो माझ्याबद्दल बोलत होता. माझ्यावर कोणी एवढा विश्वास टाकला की पूर्वी माझी पाती अभिमानाने ताठ होत. त्या क्षणी मला गंज होऊन गळून पडावेसे वाटले.

मग बुटांचा आवाज आला. खण, खण, खण. मामा खांबावर चढत होते. वर पोहोचल्यावर पट्ट्याची कडी अडकल्याचा टिचकीसारखा आवाज आला. तार पिळण्यासाठी त्यांनी हातमोजे काढले असावेत. मऊ काहीतरी खाली मातीवर पडले.

आई खुर्चीत सरळ बसल्या. त्यांना मुलाचा आवाज ओळखू आला होता. "आला वाटतं माझा," त्या पुटपुटल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.

"आली का रे?" वरून मामांनी विचारले.

"येतेय, येतेय!" धाकटा ओरडला.

आई उठल्या. भिंतीला धरत त्या माझ्यापर्यंत आल्या. त्यांचा हात मुठीवर पडला, पण त्या थांबल्या. येतेय म्हणजे अजून आली नाही. त्या अगदी नीट, शहाण्यासारख्या थांबल्या. त्यांच्या तळव्याची ऊब मला जाणवत होती. छपरावर थोरल्याचा झाडू सर्रसर्र चालला होता. मागच्या खोलीत वहिनी यंत्राशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. एवढ्या सगळ्या माणसांपैकी एकाने तरी या क्षणी व्हरांड्यात यावे, पाणी मागायला, चप्पल घ्यायला, कशालाही, एवढेच मी मागत होतो.

गल्लीच्या टोकाला दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. साखळी घेऊन येणारी गाडी. आणि धाकटा आनंदाने मोठ्याने ओरडला, "आली! मामा, आली!"

आईंनी मूठ वर केली.

त्यांनी मान वर करून दिव्याकडे पाहिले. दिवा लख्ख लागलेला होता. तो आधीपासूनच लागलेला होता, भर उजेडात त्यांच्या ते ध्यानात आले नव्हते. "आली गं बाई," त्या समाधानाने म्हणाल्या.

एरवी सगळ्या गल्लीचा भार अंगावर पडला असता तर इन्व्हर्टरने तेव्हाच मान टाकली असती. पण तारा दोन्हीकडे तुटलेल्या होत्या. पुढे त्या तुकड्याखेरीज आणि त्यावर ठेवलेल्या दोन उघड्या हातांखेरीज काहीच नव्हते. वीज माझ्या वरच्या जबड्यातून, उलट्या दिशेने, अगदी सहज निघून गेली. मला साधा चटकाही बसला नाही.

मामा ओरडले नाहीत. ओरडता येतच नाही. ओरडला तो धाकटा. तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. छपरावरचा झाडू थांबला. थोरल्याने तिथून खांबाकडे पाहिले असेल आणि त्याच क्षणी त्याला सगळे कळले असेल, कारण तो शिडीने उतरला नाही. त्याने थेट अंगणात उडी टाकली, तो घोटा मुरगळलेल्या पायाने लंगडत व्हरांड्यात आला आणि त्याने माझी मूठ खाडकन मध्ये ओढली. आई दचकून बाजूला झाल्या. "अरे, आत्ताच तर आली होती वीज," त्या म्हणाल्या.

मामा वाचले. पट्ट्यामुळे ते खाली पडले नाहीत. पण डावा हात कोपरापर्यंत जळाला होता आणि डॉक्टरांना तो काढावा लागला.

संध्याकाळी धाकटा दवाखान्यातून आला. शर्टावर माती, डोळे तांबडे. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"दादा, त्या तुकड्यात वीज आली कुठून?"

थोरल्याने खाली पाहिले. "वेल्डरकडे जनरेटर आहे ना. तोच असणार."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. मूठ मध्ये होती, झाकण बंद होते. झाकण उघडावे असे त्याला वाटलेच नाही, कारण भावाने सांगितले होते. तो परत दवाखान्यात गेला. तो गेल्यावर दुसऱ्या गँगने तारा जोडल्या आणि बाहेरची वीज आली. थोरल्याने इन्व्हर्टर बंद केला, पेटी उघडली, ती हातभर वायर काढली, गुंडाळून खिशात घातली, मूठ वर केली आणि तो मागे वळला. दारात वहिनी उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मागच्या खोलीत पहिले पिल्लू चिवचिवले.

सकाळपर्यंत पाचही यंत्रांत पिल्लेच पिल्ले झाली होती. इतकी चांगली उबवण त्या घरात कधी झाली नव्हती.

दहाच्या सुमारास वीज तपासनीस साहेब आले. मागे गल्ली लोटली होती. वेल्डर रात्रीच परतला होता आणि कोणीतरी त्याच्या शटरवर दगड मारला होता. "साहेब, मी इथं नव्हतोच हो," तो हात जोडून सांगत होता. "जनरेटरमध्ये तेलाचा थेंब नाही, बघा तुम्ही." पण लोकांना कोणीतरी हवाच होता. "याला आत टाका!" मागून कोणीतरी ओरडले. साहेबांनी त्याच्या जनरेटरला सील लावायला माणूस पाठवला आणि रीत म्हणून आमच्या व्हरांड्यात डोकावले.

"तुमच्याकडे बॅटरी आहे?"

"आहे साहेब," थोरला म्हणाला. "पण चेंजओव्हर आहे ना."

साहेबांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिले आणि ते वळले. तेवढ्यात आतून वहिनी आल्या. त्यांच्या बाहीला पिल्लांची पिवळी लव चिकटलेली होती.

"साहेब, त्याचा जनरेटर बघू नका," त्या म्हणाल्या. "ही पेटी उघडा. खालचा जबडा जळलाय. तारा तुटलेल्या असतानाही घरात दोन दिवस वीज चालू होती, मग ती या जळक्या जबड्यातून कशी येत होती, ते यांना विचारा."

"तू गप्प बस," थोरला हळूच म्हणाला.

"सात महिने गप्पच बसले," वहिनी म्हणाल्या. "खिशात बघा साहेब. वायर अजून त्यांच्या खिशातच आहे."

थोरल्याने खिशात हात घातला. तो हात बाहेर यायला फार वेळ लागला. गर्दीच्या मागे धाकटा येऊन उभा होता. त्याने ती वायर पाहिली आणि तो मटकन ओट्यावर बसला.

आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिले. "मूठ तर मी वर केली होती," त्या म्हणाल्या. "दिवा लागला होता. म्हणजे... मी?"

वहिनींनी त्यांना धरून आत नेले. त्यानंतर आईंनी कधीही विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावला नाही. अंधार पडला तरी कोणी येऊन दिवा लावीपर्यंत त्या तशाच बसून राहत.

मला भिंतीवरून काढले, पोत्यात घातले आणि पुरावा म्हणून नेले. थोरल्यावर खटला झाला आणि त्याला शिक्षा झाली. साखळीशिवाय माणूस चढू दिला म्हणून धाकट्याला कामावरून दूर केले. मागची खोली कित्येक महिने बंद राहिली. सगळे संपल्यावर मला कोठे ठेवावे हा प्रश्न कचेरीत निघाला, तेव्हा मामाच म्हणाले, "मला द्या."

मामांना आता खांबावर चढता येत नाही. ते घरोघरी जातात. ज्या छपरावर पॅनेल दिसते त्या घराचे दार वाजवतात. माझे झाकण एका हाताने उघडून लोकांना माझा काळा जबडा दाखवतात. ते मला ज्या पिशवीत घालून नेतात तिच्या शिवणीजवळ एक भोक आहे, त्यातून मला थोडे बाहेर दिसते. एकदा ते आमच्या जुन्या घरीही गेले होते. आई आत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत. मामा बाहेरूनच मोठ्याने म्हणाले, "आई, मी साखळीशिवाय चढलो. पहिली चूक माझी." थोडा वेळ थांबून ते निघाले.

मित्रांनो, पॅनेल आणि बॅटऱ्या वाईट नाहीत. मी त्यांच्या जिवावर हजारो पिल्ले जन्मताना ऐकली आहेत. पण घरात वीज साठवणारा माणूस घरात न दिसणाऱ्या माणसाचा जीवही हातात धरून असतो. म्हणून पेटीला चटका बसू लागला तर रविवारची वाट पाहू नका. तात्पुरती वायर टाकू नका. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. सांगितले असेल असे समजू नका.

काल मामा एका नव्या वस्तीत गेले होते. सहा घरे पाहिली. दोन घरांत झाकणामागे अशीच वायर निघाली. सातव्या घराच्या छपरावर नवे कोरे पॅनेल होते. मामांनी दार वाजवले, थांबले, पुन्हा वाजवले. खिडकीचा पडदा एका बाजूने किंचित सरकला आणि परत जागेवर आला. "वीज कचेरीतून आलोय, दोन मिनिटांचं काम आहे," मामा दाराला तोंड लावून म्हणाले. आतला पंखा फिरत असल्याचे मला ऐकू येत होते. गल्लीतली वीज तेव्हा गेलेली होती आणि कोपऱ्यावरच्या खांबाला कोणीतरी शिडी लावत होते.

दार उघडले नाही. मामांनी मला खाली ठेवले आणि ते शिडीकडे धावले.